घरापासून सुट्या वर्कशॉपमध्ये सब-डीबी बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरापासून सुट्या खोलीत वर्कशॉप थाटलं की पहिले काही महिने घरातून ओढलेल्या एक्स्टेंशनवर निघतात. मग करवत मशीन येतं, त्यामागून भुसा ओढायचा ब्लोअर, मग कॉम्प्रेसर, आणि एक दिवस एक्स्टेंशनचा प्लग काढताना हाताला चटका बसतो. तिथून पुढे पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, सिंगल फेज पुरवठ्याचे आणि तांब्याच्या केबलचे आहेत.

सब-डीबी म्हणजे काय, आणि तो हवाच का?

घरातल्या मुख्य बोर्डातून एकच जाड केबल वर्कशॉपपर्यंत न्यायची, तिथे दुसरा छोटा बोर्ड बसवायचा आणि त्यातून दिवे, प्लग, मशिनं यांची सर्किटं फोडायची. तो दुसरा बोर्ड म्हणजे सब-डीबी. घरातून चार वेगवेगळ्या वायरी ओढण्यापेक्षा हे सरळ पडतं, पण खरं कारण सोयीचं नाही. ग्राइंडर अडकला, बाही ओढली गेली, तर सगळी वीज तोडणारा स्विच चार पावलांवर हवा. घराच्या मुख्य बोर्डापर्यंत धावायला तेव्हा वेळ नसतो. म्हणून सब-डीबीला स्वतःचा डबल पोल मेन स्विच असलाच पाहिजे, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा.

हे काम मी स्वतः केलं तर चालेल का?

आखणी तुमची आणि जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनची, असं माझं मत आहे. मशिनांची यादी करणं, चर खणणं, पाइप टाकणं, बोर्ड कुठे बसेल ते ठरवणं, सर्किटांची नावं लिहिणं ही कामं तुमच्याइतकी चांगली दुसरं कुणी करणार नाही. मुख्य बोर्डात हात घालायचं काम मात्र वेगळं आहे. तिथला मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला मीटरकडून येणारी टोकं जिवंतच राहतात, आणि ती दिसायला बाकीच्या टर्मिनलांसारखीच असतात.

बहुतेक ठिकाणी अशा जोडणीला परवानगी किंवा तपासणी लागते. ती चौकशी चर खणण्याआधी करा. बुजवलेला चर तपासणीसाठी पुन्हा उकरावा लागण्यासारखा वैताग नाही.

आणि बंद बोर्डावर काम करतानाही व्होल्टेज मोजायचा मीटर आधी चालू असलेल्या प्लगवर लावून बघा, मग बंद केलेल्या टोकांवर, मग पुन्हा चालू प्लगवर. मधल्या वेळात मीटरच बिघडला नव्हता, याची खात्री तिसऱ्या वेळेने होते.

किती लोड धरायचा?

सगळ्या मशिनांची बेरीज करून घाबरू नका. एकटा माणूस एका वेळी एकच करवत चालवतो. पण जे आपोआप चालू होतं ते धरायलाच हवं, आणि नवखा माणूस नेमका तिथे चुकतो. तुम्ही करवतीवर उभे असताना ब्लोअर चालूच असतो, आणि कॉम्प्रेसर टाकीतला दाब उतरला की तुम्हाला न विचारता सुरू होतो.

उदाहरण घेऊ. २ एचपीची सिंगल फेज करवत साधारण ११ अँपिअर घेते. १ एचपीचा ब्लोअर ६, २ एचपीचा कॉम्प्रेसर पुन्हा ११, दिवे आणि पंखा मिळून २. बेरीज ३०. यावर ३२ अँपिअरचा फीडर, म्हणजे मुख्य बोर्डातून सब-डीबीकडे येणारी लाइन, चालेल, पण अगदी काठावर. ४० अँपिअरचा घेतला तर पुढे एखादं मशीन वाढायला जागा राहते. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट हे खरं, पण तो मोटरीने दिलेला जोर आहे. छोटी मोटर विजेकडून त्याहून बरंच जास्त घेते, म्हणून हिशोब एचपीवरून न करता मोटरीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवरून करा. वेल्डिंग मशीन असेल तर त्याचीही पट्टी वाचा.

घराला मिळालेला मंजूर लोड हे सगळं पेलतो का, हेही याच टप्प्यावर बघायचं.

केबल किती स्क्वेअर एमएमची?

दोन हिशोब असतात आणि लोक पहिलाच करतात. पहिला, केबल तापू नये. दुसरा, लांबीमुळे व्होल्टेज पडू नये. सुट्या वर्कशॉपला बहुतेक वेळा दुसराच हिशोब जाडी ठरवतो.

तांब्याच्या दोन कोअर केबलमध्ये, चालू स्थितीत तापलेली असताना, दर अँपिअरला दर मीटरमागे साधारण इतके मिलिव्होल्ट पडतात : २.५ स्क्वेअर एमएमला १८, ४ ला ११, ६ ला ७.३, १० ला ४.४, १६ ला २.८. वर्कशॉप ३० मीटरवर आहे आणि ४० अँपिअर ओढायचे आहेत असं धरा. ६ स्क्वेअर एमएममध्ये ७.३ × ४० × ३० म्हणजे ८.८ व्होल्ट जातात, जवळपास ३.८ टक्के. १० मध्ये ५.३ व्होल्ट, म्हणजे २.३ टक्के. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४ मध्ये दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतर वापरासाठी ५ टक्के अशी मर्यादा सुचवलेली आहे, आणि ती पुरवठा घरात येतो तिथपासून शेवटच्या प्लगपर्यंतची आहे. म्हणजे फीडरनेच सगळं खाऊन टाकलं तर आतल्या वायरिंगला काही उरत नाही. या उदाहरणात मी १० घेईन.

मोटर सुरू होतानाचा क्षण यापेक्षा कठीण असतो. त्या एक-दोन सेकंदांत ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. ११ अँपिअरची करवत ६६ पर्यंत गेली, तर ३० मीटर २.५ स्क्वेअर एमएममध्ये ३५ व्होल्टच्या वर पडतात. मोटरीचा फिरवायचा जोर (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, त्यामुळे १५ टक्के व्होल्टेज गेलं की सुरुवातीचा जोर ७२ टक्क्यांवर येतो. मग मोटर नुसती घुमते, पात्याला वेग येत नाही, वाइंडिंग तापतं. “मशीनच खराब निघालं” म्हणून परत पाठवलेल्या कितीतरी मोटरी खरं तर बारीक वायरीने मारलेल्या असतात.

तांबं की ॲल्युमिनियम?

लांब फीडरला ॲल्युमिनियम चालतं. रोध तांब्याच्या साधारण १.६ पट असतो, म्हणून एक ते दोन पायऱ्या जाड केबल लागते. टोकाला योग्य लग (तारेवर दाबून बसवायचं धातूचं टोक), ऑक्साइड रोखणारी पेस्ट आणि बोर्डाचं टर्मिनल ॲल्युमिनियमसाठी मान्य असणं, या तिन्ही गोष्टी हव्यात. वर्कशॉपच्या आतलं वायरिंग मात्र तांब्याचंच करा.

केबल जमिनीखालून न्यावी की वरून?

जमिनीखालून, आर्मर्ड केबल, म्हणजे वरून धातूचं चिलखत असलेली. वरून नेलेली केबल ऊन, वारा आणि शिडी घेऊन जाणारा माणूस, तिघांच्या वाटेत येते.

किती खोल, ते ठिकाणच्या नियमांवर आहे. साधारण ४५० ते ७५० मिलिमीटर असा पल्ला असतो, आणि गाडी जाते तिथे जास्त. चराच्या तळाशी वाळू, वर केबल, पुन्हा वाळू, मग विटा किंवा फरश्या, आणि बुजवताना मध्यावर पिवळी-लाल इशारा पट्टी. दहा वर्षांनी कुणी झाड लावायला खड्डा खणेल तेव्हा कुदळीला आधी ती पट्टी लागावी. बुजवण्याआधी शेजारी टेप ठेवून फोटो काढा. शेजारी एक रिकामा पाइपही टाकून ठेवा. इंटरनेटची किंवा बेलची वायर विजेच्या केबलबरोबर एकाच पाइपात जाऊ देऊ नये.

सब-डीबीत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडायचे का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

न्यूट्रल ही नेहमीच्या कामातली परतीची वाट आहे. मशीन चालू आहे तोवर तिच्यातून करंट वाहतच असतो. अर्थ ही संकटातली वाट आहे. सगळं ठीक असताना तिच्यातून वापराचा करंट वाहता कामा नये. दोघांची गाठ पुरवठ्याच्या पद्धतीप्रमाणे एकाच ठरलेल्या जागी, मुख्य बोर्डाकडे किंवा त्याआधीच, पडलेली असते. सब-डीबीत दुसरी गाठ मारली की परतीचा करंट दोन्ही वाटांनी वाटला जातो. केबलची आर्मर, बोर्डाचा पत्रा, करवतीचं बीडाचं टेबल, सगळ्यांतून थोडा थोडा करंट फिरू लागतो. त्यापुढची गोष्ट अधिक वाईट. फीडरचा न्यूट्रल कुठे सैल होऊन तुटला, तर सगळा परतीचा करंट अर्थच्या वाटेवर येतो. कुणाला काही कळत नाही, दिवे चालू राहतात, आणि अर्थची जोडणीही कच्ची असेल तर मशीनच्या अंगावर व्होल्टेज येतं.

म्हणून सब-डीबीत न्यूट्रलची पट्टी प्लॅस्टिकच्या आधारावर, बोर्डाच्या पत्र्यापासून अलग, आणि अर्थची पट्टी पत्र्याला घट्ट जोडलेली. आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर त्याच्या पुढच्या सर्किटांचे न्यूट्रलही त्याच्याच पट्टीवर यायला हवेत. एक न्यूट्रल चुकून दुसऱ्या पट्टीवर गेला की पहिला दिवा लावताच आरसीसीबी पडतो, आणि माणूस दिवसभर लीकेज शोधत बसतो.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून काम समजून घेत असाल तर एक फरक ध्यानात घ्या. तिथे घरात १२०/२४० व्होल्टचा पुरवठा येतो, म्हणजे दोन फेजच्या वायरी आणि एक न्यूट्रल. म्हणून ते फीडरला चार वायरी नेतात : दोन फेज, न्यूट्रल, अर्थ. तिथल्या बोर्डाबरोबर न्यूट्रल आणि पत्रा जोडणारा हिरवा स्क्रू किंवा पट्टी येते, आणि सब-पॅनेलमध्ये ती लावायची नसते. पद्धत वेगळी, नियम तोच.

वर्कशॉपला वेगळा अर्थ रॉड ठोकला की झालं ना? मग केबलमधून अर्थ कशाला?

हा समज फार पसरलेला आहे आणि फार घातक आहे. “जमिनीत सळई गेली, आता शॉक लागणार नाही” असं मोठ्या विश्वासाने सांगितलं जातं.

आकडे मांडून बघा. रॉडचा जमिनीशी रोध २० ओहम आहे असं धरू, आणि तो चांगला म्हणायचा. मशीनच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली. २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर. आता १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, पडेल का? पडणार नाही. त्याच्या दृष्टीने एक साधं मशीन चालू आहे. वीज जमिनीत वाहत राहते, मशीनचा पत्रा जिवंत राहतो, आणि पुढचा माणूस त्याला हात लावेपर्यंत काहीच घडत नाही.

हाच दोष केबलमधल्या अर्थ वायरने मुख्य बोर्डाकडे आणि तिथून पुरवठ्याच्या न्यूट्रलपर्यंत धातूच्या वाटेने परतला, तर वाटेचा एकूण रोध अर्धा ओहम धरून ४६० अँपिअर वाहतात. ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (प्रकार पुढे येतात) ३२० च्या वर झटक्यात पडतो. काम झालं.

म्हणजे रॉड निरुपयोगी आहे का? तसं नाही. वीज पडणं, लाटेसारखं व्होल्टेज चढणं, वर्कशॉपच्या आजूबाजूच्या जमिनीशी मशीनचा पत्रा समान पातळीवर ठेवणं, यासाठी तो उपयोगी आहे, आणि अनेक ठिकाणच्या नियमांत वेगळ्या इमारतीला तो लागतोच. काही पुरवठ्यांत धातूची परतीची वाटच नसते, सगळा भरवसा जमिनीवर असतो. तिथे आरसीसीबी लावलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. आणि जिथे पुरवठादार न्यूट्रल आणि अर्थ एकाच वायरीतून आणतो, तिथे घराचा अर्थ सुट्या इमारतीत न्यावा की तिथे वेगळाच ठेवावा, याला स्थानिक नियम असतात. तुमचा पुरवठा कुठल्या जातीचा, हे इलेक्ट्रिशियनला विचारायचा पहिला प्रश्न असू द्या.

आरसीसीबी कुठे आणि किती मिलिअँपिअरचा?

माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअर, आणि तो सब-डीबीत. घरातल्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या पुढून वर्कशॉपचा फीडर काढू नका. दोन्ही एकाच आकड्याचे असले तर आधी कोणता पडेल हे सांगता येत नाही, आणि वर्कशॉपमधल्या ओल्या ड्रिलमुळे घर अंधारात जातं. फीडरवरही संरक्षण हवं असेल तर मुख्य बोर्डाकडे १०० मिलिअँपिअरचा, उशिराने पडणारा, एस प्रकारचा लावतात.

आरसीसीबी जादा लोड किंवा शॉर्ट सर्किट बघत नाही, त्यासाठी एमसीबी सोबत हवाच. वेग बदलणारा ड्राइव्ह लावलेला लेथ असेल तर आरसीसीबी ए, एफ की बी प्रकारचा, ते ड्राइव्हच्या पुस्तिकेत बघून ठरवा. साधा एसी प्रकार तिथे कधी उगाच पडतो, कधी पडायचा तेव्हा पडत नाही.

करवत सुरू करताच एमसीबी पडतो. मोठा लावू का?

आकडा वाढवू नका, आधी प्रकार बघा. बी प्रकार नेमून दिलेल्या करंटच्या ३ ते ५ पटीला झटक्यात पडतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. मोटरीचा सुरुवातीचा झटका बी ला शॉर्ट सर्किटसारखा वाटतो. २.५ स्क्वेअर एमएमवर १६ अँपिअरचा बी असेल तर १६ चाच सी लावून बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. ३२ चा लावलात तर मशीन चालेल, पण आता एमसीबी वायरीला वाचवत नाही.

डी लावताना जपा. तो झटक्यात पडायला वीस पट करंट लागू शकतो, आणि लांब फीडरच्या टोकाला तितका करंट दोषाच्या वेळी मिळेलच असं नाही. ३२ अँपिअरच्या डी साठी दोषाच्या वाटेचा रोध सुमारे ०.३६ ओहमच्या आत हवा, सी ला ०.७२ चालतो. मोजल्याशिवाय डी नको.

बोर्ड कुठे बसवावा?

दाराजवळ, हात पोचेल अशा उंचीवर, समोर साधारण एक मीटर मोकळी जागा कायमची सोडून. “कायमची” यावर जोर आहे, कारण वर्कशॉपमध्ये मोकळ्या भिंतीला फळ्या टेकवायचा मोह कुणालाच आवरत नाही. बोर्डासमोर जमिनीवर पिवळा चौकोन रंगवा. लाकडाचा भुसा किंवा ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा उडत असेल तर बोर्ड किमान आयपी ५४ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे रोखणारा. लोखंडी चुरा वीजवाहक असतो, टर्मिनलांवर बसला तर तोच वाट तयार करतो. केबल ग्लँडमधूनच (भोकात केबल घट्ट धरणारी बुचासारखी जोडणी) आत घ्या, न वापरलेली भोकं बंद करा. आज सहा सर्किटं लागत असतील तर बारा जागांचा बोर्ड घ्या.

दिवे वेगळ्या सर्किटवर का?

माझ्या पहिल्या वर्कशॉपमध्ये दिवा आणि प्लग एकाच एमसीबीवर होते. संध्याकाळी ओलसर फळी चिरताना पातं अडकलं, एमसीबी पडला आणि सगळं काळं झालं. मोटर बंद पडली होती, पण पातं मोकळं होऊन स्वतःच्या वेगाने फिरतच होतं. तो आवाज मला ऐकू येत होता आणि माझी बोटं पात्यापासून किती लांब आहेत ते दिसत नव्हतं. मी हात जिथे होते तिथेच धरून आवाज थांबेपर्यंत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी दिव्यांचं सर्किट वेगळं केलं, आणि दाराशी बॅटरीवरचा एक दिवा लावला जो लाइट गेली की आपोआप लागतो.

दिव्यांचीच आणखी एक गोष्ट. स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूबलाइट ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. १५०० आरपीएमवर लेथचा चक सेकंदाला २५ फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक लुकलुकीत बरोबर पाव फेरा. चार जबड्यांचा चक असेल तर तो डोळ्यांना थांबल्यासारखा दिसू शकतो. फिरत्या मशीनवर न मिणमिणणारा चांगला दिवा घ्या.

लाइट जाऊन परत आली की मशीन आपोआप सुरू होतं. हे थांबवता येतं का?

येतं, आणि थांबवलंच पाहिजे. मशीनला साधा चालू-बंद स्विच न लावता कॉन्टॅक्टर असलेला स्टार्टर लावा. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय लागत नाही. शिवाय त्यात ओव्हरलोड रिले असतो, तो मोटर जळू देत नाही.

टर्मिनलचे स्क्रू किती कसायचे?

बोर्डावर किंवा एमसीबीवर न्यूटन मीटरमध्ये आकडा छापलेला असतो, त्या आकड्यावर सेट केलेल्या टॉर्क स्क्रू-ड्रायव्हरने. सैल जोडाचा रोध ०.१ ओहम झाला आणि त्यातून २० अँपिअर वाहिले, तर तिथे ४० वॉट उष्णता तयार होते. बोटाच्या पेराएवढ्या जागेत, बंद बोर्डात, एक सोल्डरिंग आयर्न सतत तापत ठेवल्यासारखं. एमसीबी हे ओळखत नाही, कारण करंट नेहमीचाच असतो. बहुतारी वायर असेल तर टोकाला लग किंवा फेरूल दाबून लावा, तारा पिळून तशाच खुपसू नका.

थ्री फेज घ्यावं का?

३ एचपीच्या वरची मशिनं असतील आणि पुरवठा मिळत असेल तर जरूर. मोटरी साध्या, दणकट असतात आणि अलगद सुरू होतात. दिवे आणि प्लग तिन्ही फेजवर वाटून घ्या. मशीन पहिल्यांदा सुरू करताना फिरायची दिशा बघा. उलटी असेल तर कोणतेही दोन फेज अदलाबदल करायचे.

वीज सोडण्याआधी काय तपासून घ्यायचं?

इलेक्ट्रिशियनकडून या मोजण्या लिहून घ्या. अर्थ वायर मुख्य बोर्डापासून प्रत्येक प्लगपर्यंत अखंड आहे का. ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरवर, म्हणजे इन्शुलेशन तपासायच्या मीटरवर, इन्शुलेशन किमान १ मेगाओहम आहे का. नव्या वायरिंगला तो शेकड्यांत यायला हवा, त्यामुळे १ च्या आसपास आला तर केबल कुठेतरी ओली किंवा दुखावलेली आहे. दोषाच्या वाटेचा रोध किती. रॉडचा रोध किती. आणि आरसीसीबी किती वेळात पडतो. ३० मिलिअँपिअरवर ३०० मिलिसेकंदांच्या आत, पाच पटीला ४० च्या आत.

नंतर काय देखभाल लागते?

आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. पडला नाही तर त्या क्षणापासून वर्कशॉप बंद, नवा बसेपर्यंत. वर्षातून एकदा वीज पूर्ण तोडून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घ्या : भुसा साफ, स्क्रू त्याच टॉर्कवर तपासून, आणि कुठल्या वायरीचं इन्शुलेशन टर्मिनलाशी तपकिरी पडलंय का ते बारकाईने बघून. तपकिरी दिसलं तर वायर कापून मागचं ताजं टोक जोडायचं आणि तो एमसीबीही बदलायचा. एकदा तापलेल्या टर्मिनलची पकड पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.